कमी दाबाच्या पाणीवाटप जाळ्याचे मॉडेल कसे करावे: ईपानेटमधले टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

पाणीपुरवठा सुधारणेचा अहवाल उघडावा आणि परिशिष्टात एखाद्या नोडवर (जाळ्यातल्या जोडबिंदूवर) ‘दाब: उणे २३ मीटर’ (दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात) छापलेले दिसावे, हे आजही वारंवार घडते. शेजारी शेरा असतो, ‘या भागात पाणी अपुरे’. पाइपात उणे २३ मीटर दाब कधीच असू शकत नाही. उणे दहा मीटरच्या आसपास पोहोचण्याआधीच पाण्याची वाफ होऊन धार तुटते, आणि प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी गळक्या सांध्यांतून आणि उघड्या नळांतून हवा आत शिरते. सॉफ्टवेअरचे म्हणणे एवढेच असते की तुम्ही सांगितलेले पाणी या नोडवर काढायचेच म्हटले, तर एवढा दाब कमी पडेल.

खऱ्या गल्लीत वेगळेच होते. तिथे दाब पडला की नळाची धार बारीक होते. धार बारीक झाली की पाइपातला प्रवाह कमी होतो, घर्षणातला तोटा घटतो आणि बाकीच्या भागाला थोडा दाब उरतो. ही साखळी मॉडेलमध्ये आली नाही तर टंचाई आहे त्यापेक्षा मोठी आणि भलत्याच ठिकाणी दिसते. मग मोठ्या व्यासाचे पाइप भलत्याच गल्लीत पडतात आणि टोकाच्या घरांना पुन्हा करंगळीएवढीच धार मिळते. खालचे टप्पे ईपानेट या पाणीवाटप जाळ्याच्या सॉफ्टवेअरची २.२ ही आवृत्ती गृहीत धरून लिहिले आहेत, कारण दाबावर आधारित विश्लेषण मूळ प्रोग्रॅममध्येच या आवृत्तीपासून मिळते.

टप्पा १: तुमचा ‘कमी दाब’ कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

कमी दाबाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात जाळे एरवी चोवीस तास भरलेले असते, पण पंप बंद पडला, मुख्य वाहिनी फुटली किंवा आगीसाठी पाणी उचलले की काही तास दाब पडतो. दुसऱ्या प्रकारात पाणी मुळातच दिवसाआड किंवा रोज तास-दोन तास सोडले जाते. सगळे नळ एकदम उघडे असतात आणि प्रत्येक घर हौद, पिंप, कळशी, जे असेल ते भरून घेते. आपल्याकडची बहुतेक गावे आणि शहरे दुसऱ्या प्रकारात मोडतात.

पहिल्यासाठी टप्पा ६ पुरतो. दुसऱ्यासाठी टप्पा ८ लागतोच. दुसऱ्या प्रकारचे गाव पहिल्या पद्धतीने सोडवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण उत्तर पटण्यासारखे दिसते आणि तरीही चुकलेले असते.

टप्पा २: गावात जाऊन माहिती गोळा करा

कमी दाबाच्या मॉडेलचे यश संगणकापेक्षा या टप्प्यावर ठरते. इथे घाई करू नका.

*उंची.* जिथे एकूण दाबच चार-पाच मीटर आहे तिथे दोन मीटरची चूक म्हणजे निम्मा दाब चुकला. उपग्रह नकाशावरून काढलेली उंची इथे चालत नाही. ऑटो लेव्हल किंवा डीजीपीएस ही सर्वेक्षणाची उपकरणे वापरा आणि टाकीची पाणीपातळी व सगळे नोड एकाच बेंचमार्कला (उंची ठाऊक असलेल्या खुणेला) जोडा. टाकीची उंची जुन्या नकाशावरून आणि रस्त्याची उंची नव्या सर्वेक्षणातून घेतली की दोघांच्या आधारपातळीत फरक पडतो, आणि तो पुढे कशानेच जुळत नाही.

*नळाची खरी पातळी.* टोकाच्या वस्तीत घरापुढचा खड्डा पाहा. पाणी चढत नाही म्हणून लोकांनी नळ कापून जमिनीखाली दोन-तीन फुटांवर घेतलेला असतो. माणूस खड्ड्यात उतरून तांब्याने बादली भरतो. त्या घरासाठी नोडची उंची रस्त्याची नाही, खड्ड्याच्या तळाची आहे. जोडणीला थेट मोटर लावलेली घरेही मोजा. विचारल्यावर कोणी कबूल करणार नाही, पण पाणी सुटल्यावर गल्लीतून चालत गेलात तर आवाज येतो.

*व्हॉल्व्ह.* चावीवाल्याबरोबर एक पूर्ण पाळी फिरा. कोणती चावी किती फेरे उघडतो, कोणती कधीच पूर्ण उघडत नाही, कुठली रस्त्याच्या डांबराखाली गेली आहे, हे फक्त त्यालाच माहीत असते.

*दाब.* शून्य ते दहा किलोच्या (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) गेजवर कमी दाब वाचता येत नाही, कारण त्यावरची एक रेघच दोन मीटरची असू शकते. शून्य ते दोन किलोचे गेज घ्या. एक किलो म्हणजे साधारण दहा मीटर. टाकीजवळ, मध्यावर आणि टोकाला पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत दर पाच मिनिटांनी नोंद करा.

*बादलीची चाचणी.* ही जवळजवळ कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोगी हीच पडते. गेज शेजारच्या बंद जोडणीवर लावा, या घरचा नळ पूर्ण उघडा आणि बादली भरायला लागणारे सेकंद मोजा. समजा गेज ०.९ किलो, म्हणजे ९ मीटर, आणि २० लिटरची बादली १०० सेकंदांत भरली. धार झाली सेकंदाला ०.२ लिटर. ९ चे वर्गमूळ ३, म्हणून त्या जोडणीचा गुणांक ०.२ ÷ ३ = ०.०६७. आता सांगता येते की हाच नळ १ मीटर दाबाला सेकंदाला ०.०६७ लिटर देईल आणि तीच बादली भरायला पाच मिनिटे लागतील. प्रत्येक झोनमध्ये अशा आठ-दहा चाचण्या घ्या.

तपासणी: टाकीच्या आउटलेटवरचा एकूण प्रवाह त्याच दिवशी मोजला आहे का? तो नसेल तर पुढे गळतीचा अंदाज कशाच्या आधारे करणार?

टप्पा ३: फाइल सुरू करताना आधी एकके

ईपानेट उघडल्यावर प्रवाहाचे एकक जीपीएम (गॅलन प्रतिमिनिट) असते, म्हणजे लांबी फुटांत, व्यास इंचांत, दाब पीएसआयमध्ये. एकही पाइप काढण्याआधी ते एलपीएस (लिटर प्रतिसेकंद) करा. मग लांबी मीटर, व्यास मिलिमीटर, दाब मीटर होतो. जाळे काढून झाल्यावर एकक बदलले तर आधी भरलेले आकडे रूपांतरित होत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बदलतो.

हेझन-विल्यम्स या घर्षण-सूत्रातला ‘सी’ (पाइप जितका गुळगुळीत तितका मोठा आकडा) आत्ता ढोबळ भरा: अस्तर नसलेल्या जुन्या बिडाच्या पाइपाला १०० किंवा कमी, पीव्हीसी-एचडीपीईला १४० ते १४५. त्यावर अंतिम निर्णय टप्पा ९ मध्ये.

उंच टाकीच्या जागी ‘रिझर्व्हायर’ टाकू नका. रिझर्व्हायर कधी रिकामा होत नाही आणि त्याची पातळी उतरत नाही. तुमची टाकी उतरते, आणि कमी दाबात तिचे ते दोन-तीन मीटरच निर्णायक असतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मॉडेललाही लागू आहे. तळपातळी, कमाल पातळी, व्यास आणि पाणी सोडतानाची खरी पातळी भरा.

टप्पा ४: मागणी पुरवठ्याच्या तासांत मोजा

समजा एका नोडवर ६० घरे, घरटी ५ माणसे, माणशी १३५ लिटर. दिवसाचे ४०,५०० लिटर. चोवीस तासांत वाटले तर सेकंदाला ०.४७ लिटर. पण पाणी दोनच तास येत असेल तर हेच पाणी ७,२०० सेकंदांत वाहायला हवे: सेकंदाला ५.६ लिटर. प्रवाह बारापट.

हेझन-विल्यम्सच्या सूत्रात घर्षणातला तोटा प्रवाहाच्या १.८५२ या घाताने वाढतो. बाराचा तो घात काढला तर जवळजवळ १०० येतो. म्हणजे चोवीस तासांच्या हिशेबात ज्या पाइपात पाच सेंटिमीटर दाब जात होता, तिथे दोन तासांच्या पुरवठ्यात पाच मीटर जातो. ‘डिझाइन बरोबर होते तरी टोकाला पाणी का पोहोचत नाही’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा या एका ओळीत असते.

सावधान: गळतीचे टक्के मागणीतच मिसळू नका. मागणी लोकांची, गळती पाइपाची. दोघांचे दाबाशी नाते वेगळे आहे.

टप्पा ५: आधी जवळजवळ शून्य मागणीवर एकदा चालवा

मागणीचा गुणक ०.००१ इतका करून जुन्याच, मागणी पक्की धरणाऱ्या पद्धतीने मॉडेल चालवा. प्रवाह नगण्य असल्याने प्रत्येक नोडचा दाब म्हणजे टाकीची पातळी वजा नोडची उंची, एवढाच यायला हवा. जिथे येत नाही तिथे उंची चुकीची टाइप झाली आहे किंवा पाइप नकाशावर जोडलेला दिसतो पण जोडलेला नाही. या पाच मिनिटांत जेवढ्या चुका सापडतात तेवढ्या पुढे दोन दिवस शोधून सापडत नाहीत.

याच निकालात पाहा: स्थिर पाण्यातही एखाद्या नोडचा दाब पाच मीटरच्या आत आहे का? असेल तर तो भाग या टाकीवरून चालण्याजोगा नाही, मॉडेल कितीही नीट करा. मग गुणक पुन्हा १ करायला विसरू नका.

टप्पा ६: दाबावर आधारित विश्लेषण सुरू करा

हायड्रॉलिक्सच्या पर्यायांत ‘डिमांड मॉडेल’ डीडीएवरून (मागणी पक्की धरणारी पद्धत) पीडीए (दाबावर आधारित पद्धत) करा. आता तीन आकडे लागतात: किमान दाब, ज्याखाली नळातून काहीच येत नाही; आवश्यक दाब, ज्यावर पूर्ण मागणी मिळते; आणि घातांक, जो मुळात ०.५ असतो आणि तसाच ठेवावा. यांच्या मध्ये पाणी या नात्याने मिळते:

मिळणारे पाणी = मागणी × √[(दाब − किमान दाब) ÷ (आवश्यक दाब − किमान दाब)]

हे सूत्र वॅग्नर, शमीर आणि मार्क्स यांनी १९८८ मध्ये मांडले. नोडवरचा प्रवाह पक्का न धरता शोधायचा, हा विचार नागपूरच्या प्रमोद भावे यांनी १९८१ मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि या विषयावर काम करणाऱ्या मराठी अभियंत्याने तो अभिमानाने लक्षात ठेवावा.

आता नेहमीचा सापळा. पीडीए निवडले तरी ईपानेट आवश्यक दाब ०.१ आणि किमान दाब ० धरूनच बसलेले असते. तसेच चालवले तर ०.१ मीटर दाबालाही पूर्ण मागणी मिळते. उणे दाब बऱ्याच अंशी गायब होतात, नकाशा हिरवा दिसतो, आणि अहवालात ‘पीडीए केले’ असे लिहिले जाते. नुसती कळ दाबलेली असते, विश्लेषण झालेले नसते.

आवश्यक दाबासाठी आधार घ्या. केंद्राच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठा संस्थेच्या नियमपुस्तिकेच्या १९९९ च्या आवृत्तीत फेरूलजवळचा (मुख्य पाइपावरून घराची जोडणी निघते तिथला) शेष दाब एकमजली वस्तीला ७, दुमजलीला १२ आणि तिमजलीला १७ मीटर दिला आहे. किमान दाब म्हणजे लोक पाणी जिथे घेतात ती रस्त्यापासूनची उंची: जमिनीतला हौद असेल तर शून्याच्या जवळ, अंगणातला नळ असेल तर एखादा मीटर.

हाताने एक नोड सोडवून बघा. किमान २, आवश्यक १२, मिळालेला दाब ४.५ मीटर. (४.५ − २) ÷ (१२ − २) = ०.२५, वर्गमूळ ०.५. म्हणजे निम्मे पाणी. सॉफ्टवेअरचा आकडा याच्याशी जुळला पाहिजे.

अडचण अशी की २.२ मध्ये हे दोन दाब सगळ्या जाळ्याला एकच लागतात. एका भागात जमिनीतले हौद आणि दुसऱ्यात पाच मीटर उंचीवरच्या टाक्या असतील, तर उंच टाक्यांच्या घरांसाठी मूळ नोडला आखूड पाइपाने एक जोडनोड लावा, त्याची उंची पाच मीटर वाढवा आणि मागणी तिकडे हलवा. खड्ड्यातल्या नळांसाठी आणि मोटर लावलेल्या घरांसाठी उलटे करा: जोडनोडची उंची कमी करा. छापताना दाब मूळ नोडचा छापा, जोडनोडचा नको.

तपासणी: स्टेटस रिपोर्टमध्ये किती नोडना दाब कमी पडला आणि एकूण मागणी किती टक्के घटली हे येते. घट शून्य असेल आणि गावात टंचाई असेल, तर ०.१ च्या सापळ्यात आहात.

सावधान: पीडीएतही मागणी नसलेल्या उंचवट्यावरच्या नोडला उणे दाब येऊ शकतो. तो आकडा झाकू नका. त्या पाइपाशेजारून गटार जात असेल तर गळक्या सांध्यातून घाण आत ओढली जाण्याची जागा तीच आहे. तिथल्या घरांची यादी करून पाण्याचे नमुने तपासायला सांगा.

टप्पा ७: गळती एमिटरने द्या

गळती नोडवर एमिटर (दाबाप्रमाणे पाणी बाहेर सोडणारे छिद्र) म्हणून भरा. मोजलेली गळती २० लिटर प्रतिसेकंद, १०० नोड, सरासरी दाब ९ मीटर असेल तर प्रत्येकी ०.२ ÷ ३ = ०.०६७ हा पहिला गुणांक. मग जुन्या पाइपांच्या भागात तो वाढवा, नव्या भागात कमी करा.

दोन गोष्टी इथे फसवतात. नोडवर दाखवलेल्या मागणीच्या आकड्यात एमिटरचा प्रवाहही मिळवलेला असतो, म्हणून लोकांना मिळालेले पाणी काढताना तो वजा करा. आणि दाब उणे झाला की एमिटर उलटा चालतो, कुठूनही नसलेले पाणी जाळ्यात ओततो. एमिटर असलेल्या नोडवर दाब उणे दिसला की तिथला गुणांक शून्य करून पुन्हा चालवा.

टप्पा ८: तास-दोन तासांच्या पुरवठ्यासाठी घरचे हौद मॉडेलमध्ये आणा

पीडीएत पूर्ण मागणी ही कमाल मर्यादा असते. टप्पा ४ मधल्या आपल्या नोडची मर्यादा सेकंदाला ५.६ लिटर. पण बादलीची चाचणी काय सांगते? ६० जोडण्या × ०.०६७ = ४. टाकीजवळ ९ मीटर दाब असेल तर हे ६० नळ ४ × ३ = १२ लिटर प्रतिसेकंद ओढतात, मर्यादेच्या दुपटीहून जास्त. वरच्या, म्हणजे टाकीजवळच्या, आळीचे हौद भरेपर्यंत खालच्या आळीला काही मिळत नाही, हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत असलेले सत्य पीडीएच्या नकाशात दिसत नाही.

म्हणून असे करा:

१. नोडची मूळ मागणी शून्य करा. ही राहून गेली तर पाणी दोनदा मोजले जाते.

२. नोडला एक कृत्रिम टाकी जोडा. ६० घरांची सरासरी साठवण १,००० लिटर असेल तर ६० घनमीटर. खरा हौद वरून भरतो, पण ईपानेटची टाकी खालून भरते आणि जसजशी भरते तसतशी पाण्याला अडवते. म्हणून टाकी परातीसारखी उथळ करा: उंची ०.२ मीटर, व्यास साधारण १९.५ मीटर. तळाची पातळी म्हणजे हौदात पाणी पडते ती पातळी. सुरुवातीची पातळी शून्याच्या जवळ.

३. जोडणारा पाइप १ मीटर लांब, १०० मिलिमीटर व्यासाचा, चेक व्हॉल्व्हसह (एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा). त्याचा किरकोळ तोट्याचा गुणांक असा काढा की ९ मीटरला १२ लिटरच जावेत. वेग १.५३ मीटर प्रतिसेकंद, वेगशीर्ष (त्या वेगाएवढा दाब) ०.११९ मीटर, म्हणून ९ ÷ ०.११९ = सुमारे ७६.

४. वेळेची पायरी एक तासाची असते, ती पाच मिनिटांची करा. एकूण कालावधी पुरवठ्याएवढाच ठेवा. पुरवठा बंद असलेले तास चालवले तर जाळे टाकीपासून तुटते आणि इशाऱ्यांचा पाऊस पडतो.

५. पाळीप्रमाणे उघड-बंद करायचे पाइप वेगळे ठेवा. चेक व्हॉल्व्ह असलेल्या पाइपाला उघड-बंदचा नियम लावता येत नाही.

आता चालवल्यावर दिसेल की दाब ९ मीटर टिकला तर वरच्या नोडचे ६० घनमीटर भरायला सुमारे ८३ मिनिटे लागतात. दोन तासांतले खालच्या भागाच्या वाट्याला उरतात फार तर ३७ मिनिटे. वरच्या हौदांना फ्लोट (भरल्यावर पाणी बंद करणारे) नसतील तर तेही नाहीत. तिथे कृत्रिम टाकीचा ओव्हरफ्लो चालू करा, म्हणजे गटारात जाणारे पाणीही हिशेबात येते.

सावधान: ईपानेट पाइप नेहमी भरलेलाच धरते. बंद काळात वाहिनी रिकामी होत असेल तर ती भरायला लागणारा वेळ हाताने वजा करा. १५० मिलिमीटरच्या एक किलोमीटर पाइपात १७,७०० लिटर मावतात. १० लिटर प्रतिसेकंदाने ते भरायला अर्धा तास जातो, आणि तेवढा वेळ टोकाच्या नळातून फक्त हवा सुसाटते. भरण्याची ही क्रियाच अभ्यासायची असेल तर एसडब्ल्यूएमएमसारखे, अर्धवट भरलेला पाइप समजणारे सॉफ्टवेअर लागते.

टप्पा ९: गावाशी जुळवा, पण क्रमाने

गेजच्या नोंदी आणि मॉडेलचा दाब यांत एक मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी व्हॉल्व्ह तपासा, मग उंची, मग जोडण्यांची संख्या, आणि सगळ्यात शेवटी ‘सी’. बहुतेक जण उलटे करतात, कारण ‘सी’ खुर्चीवर बसून बदलता येतो. एखाद्या पाइपाला ‘सी’ ४० केल्याशिवाय जुळत नसेल तर तिथे अर्धवट बंद व्हॉल्व्ह किंवा नकाशापेक्षा लहान व्यासाचा पाइप आहे असे समजा आणि तिथे खोदून पाहा.

जुळवणी एका दिवसाच्या नोंदीवर करा आणि तपासणी दुसऱ्या दिवसाच्या नोंदीवर.

टप्पा १०: निकाल कसा लिहायचा

सरासरी दाब लिहू नका. प्रत्येक नोडसाठी पाळी संपताना मिळालेले लिटर भागिले हवे असलेले लिटर हे गुणोत्तर काढा, आणि चढत्या क्रमाने लावून पहिले वीस नोड पहिल्या पानावर छापा. शेजारी घरांची संख्या लिहा.

मोठा पाइप सुचवण्याआधी फुकटचे पर्याय चालवून बघा: वरच्या आळीची चावी दोन फेरे कमी, खालच्या भागाची पाळी आधी, दोन झोन एकदम न सोडता मागेपुढे. प्रत्येक पर्यायात त्या वीस नोडचे गुणोत्तर किती वाढले ते मांडा.

निवडलेले वेळापत्रक चावीवाल्यासाठी एका पानावर वेगळे लिहून द्या. त्यात ‘व्ही-१७’ नको. ‘मारुती मंदिरामागची चावी, पहाटे ५:४० ला, साडेचार फेरे’ असे लिहा.